माओरी गोष्टींतून लेखनाकडे: आधी सांगणे की आधी अक्षरे?

सागरगोटा:
ऑकलंडमधल्या एका बालवाडीत मी सहा वर्षे शिकवते आहे. न्यूझीलंडच्या सरकारी शाळांत 2025 पासून ध्वनी आणि अक्षर यांची पायरीपायरीने सांगड घालूनच वाचन-लेखन शिकवणे बंधनकारक झाले, आणि त्याआधीच, 2024च्या ऑक्टोबरमध्ये, नवशिक्या वाचकांच्या नव्या इंग्रजी पुस्तिकांत पात्रांची नावे सोडून माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले, शब्द ठेवू नयेत, असा निर्णय शिक्षणमंत्र्यांनी घेतला. मला तो चुकीचा वाटतो, कारण लहान मूल लिहू लागते ते त्याला काही सांगायचे असते म्हणून.

आमच्या वर्गातल्या साडेचार वर्षांच्या एका मुलाने माओरी दंतकथांचा नायक मावी याची गोष्ट सांगितली. आजीच्या जबड्याच्या हाडाचा गळ करून मावीने समुद्रातून एक प्रचंड मासा ओढून काढला आणि त्या माशाचेच न्यूझीलंडचे उत्तर बेट झाले, म्हणून त्या बेटाचे माओरी नाव 'मावीचा मासा' असे आहे. मूल सांगत होते आणि मी त्याच्याच शब्दांत लिहून घेत होते. मासा म्हणजे 'इका' हा शब्द त्यात पाच वेळा आला. वाचून दाखवताना त्याने माझा हात थांबवला आणि पाचही ठिकाणी बोट ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याने तो शब्द स्वतः लिहिला. त्यात तीनच अक्षरे आहेत आणि प्रत्येकाचा उच्चार स्वच्छ ऐकू येतो. पाच स्वर, दहा व्यंजने आणि अक्षराला ठरलेला उच्चार अशी ही लिपीव्यवस्था असताना आरंभीच्या लेखनातून तिलाच बाहेर ठेवावे, हे मला समजत नाही.

अक्षरओळख:
आपल्या वर्गातला प्रसंग सुंदर आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. गोष्ट सांगणे आणि लिहिणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि उत्तम सांगणारी पण दोन ओळी लिहिताना रडकुंडीला येणारी मुले मी प्राथमिक शाळेत वर्षानुवर्षे पाहिली आहेत. 'इका'मधले पहिले अक्षर मूल 'इ' असे शिकते, आणि तेच अक्षर इंग्रजीत बर्फाच्या शब्दात 'आय' होते. ज्या मुलाच्या घरी पुस्तके नाहीत, त्याला एकाच महिन्यात दोन भाषांचे नियम देणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे. माओरी भाषा माओरी माध्यमात मनसोक्त शिकवावी. इंग्रजीच्या पहिल्या पुस्तिकांमध्ये मात्र शिकवलेले ध्वनीच यावेत.

दोन तीर:
माझ्या सुनेचे माहेर माओरी आहे, म्हणून थोडे वेगळे मांडते. 1867च्या कायद्याने माओरी मुलांसाठी इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढल्या, आणि पुढे अशा शाळांत माओरी बोलल्याबद्दल मुलांना मार बसत असे. भाषा वाचवण्याची मागणी तीस हजारांहून अधिक सह्यांनिशी 1972 साली संसदेपुढे गेली. आजी-आजोबांच्या मांडीवर भाषा शिकवणारी पहिली माओरी बालवाडी 1982 साली वेलिंग्टनजवळ वायनुइओमाता येथे उघडली. एवढा इतिहास असताना 'नियमांचा गोंधळ होईल' म्हणून तिचे शब्द वगळणे त्या घरांना कसे लागत असेल, याचा विचार अक्षरओळख यांनी करावा.

परंतु सागरगोटा यांनाही माझे विचारणे आहे. गोष्टी कुळाकुळाच्या असतात आणि त्यांची रूपे वेगळी असतात. शिक्षिकेने एक रूप लिहून भिंतीवर लावले की तेच खरे ठरते. 'पेपेहा'चे, म्हणजे आपला पर्वत आणि नदी सांगून स्वतःची ओळख देण्याच्या माओरी रीतीचेही, तसेच आहे. 'को तारानाकी ते माउंगा', म्हणजे तारानाकी हा माझा पर्वत, हे वाक्य वंशाचे नाते सांगते. ते सगळ्या वर्गाला लेखनाचा साचा म्हणून देणे माझ्या सुनेला आवडत नाही. गोष्ट म्हणजे लेखनासाठीचा कच्चा माल नव्हे.

सागरगोटा:
पेपेहाविषयी आपण म्हणता ते मी स्वीकारते. तो साचा मी वापरला आहे, कारण 'को… ते माउंगा, को… ते आवा' या आवर्तनामुळे मुलांना पर्वतानंतर नदीचे नाव घालून दुसरे वाक्य सहज उभे करता येते. यापुढे मी मुलांना 'मी या डोंगराजवळ राहतो' असे लिहू देईन आणि वंशाचे वाक्य ज्यांचे आहे त्यांच्यासाठी ठेवीन. कोणते रूप सांगायचे, हेही स्थानिक कुळातल्या वडीलधाऱ्यांना विचारूनच ठरवीन.

अक्षरओळख यांच्याशी मात्र माझा वाद कायम आहे. ध्वनी आणि अक्षर यांचा अभ्यास मी नाकारत नाही, उलट माओरीतच तो लवकर पक्का होतो असे म्हणते. 'मतुआ' म्हणजे वडील आणि 'मातुआ' म्हणजे आईवडील; स्वरावर एक आडवी रेघ आली की अर्थ बदलतो, आणि गोष्ट ऐकता ऐकता मुलाच्या कानाला तो फरक आधीच कळलेला असतो. आपल्याकडची मुलेही ऱ्हस्व-दीर्घ असेच कानाने ओळखतात.

अक्षरओळख:
कानाचा मुद्दा मान्य. तरीही ज्या मुलाने ती भाषा घरी कधी ऐकलेली नाही, त्याच्या कानाला हा फरक कुठून कळणार? माझ्या वर्गात बहुसंख्य मुले अशीच आहेत. त्यांना ऐकवायला रोज अर्धा तास आणि भाषा येणारा माणूस मिळाला, तर पहिल्या पुस्तिकेत 'इका' ठेवायला माझी हरकत राहणार नाही.