जुनी स्पोर्ट्स कार घेतली की पहिलं वर्ष मॉडिफिकेशन बंद. पटतंय का?

तिसरा_गियर (पुणे)

गाडी आली एकदाची. पोर्शे बॉक्स्टर, ९८७ पिढी, २०११ची, २.९ लिटरचं इंजिन, पीडीके (पोर्शेचा ड्युअल-क्लच ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, एमएच-१२ पासिंग, आधीचे दोन मालक. अभिनंदन नंतर करा, आधी भांडू.

गाडी दाखवली की दुसरंच वाक्य येतं, "मग काय काय करून घेणार?" एक्झॉस्ट, रीमॅप (इंजिनाच्या कंप्युटरची सेटिंग बदलणं), लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारी), मोठी अलॉय चाकं. यादी तयारच असते लोकांकडे. माझं म्हणणं, पहिलं वर्ष यातल्या कशालाही हात लावायचा नाही. सगळा पैसा गाडी मूळ पदावर आणण्यात घालायचा.

कारण अशा गाड्या फिरत नाहीत, उभ्या असतात. ओडोमीटर बघून आपण खूश होतो आणि वय विसरतो. माझ्या टायरची नक्षी बघाल तर नवी कोरी. पण कडेला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या मागच्या टायरवर २३१६ आहे, म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. नख दाबलं तर रुतत नाही, इतकं रबर कडक झालंय. यावर हॉर्सपॉवर वाढवून काय करू?

दुसरं, पुढचा बंपर उतरवला. या गाडीचं इंजिन सीटच्या मागे असलं तरी रेडिएटर पुढे, दोन्ही कोपऱ्यांत. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये गुलमोहराच्या बारीक पानांचा आणि धुळीचा बोटभर थर निघाला, वर गुटख्याची अख्खी पुडी. ओलसर. तिथूनच ॲल्युमिनियम कुजायला लागतं आणि एक दिवस कूलंट गळतं. सर्व्हिस बुकात मात्र सगळीकडे शिक्के व्यवस्थित!

बोला आता.

---

शून्य_ते_शंभर (ठाणे)

साफ असहमत. आधी अभिनंदन, मग शिव्या.

अहो, हौसेला मोल नसतं म्हणून तर ही गाडी घेतलीत ना? टायर, कूलंट, ब्रेक ऑइल हे करायचंच, त्यावर वाद कुठे आहे? पण ते आणि एक्झॉस्ट यांत एकच निवडा असं कोणी सांगितलं? कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा फक्त सायलेन्सर बदलायचा, मूळचा गुंडाळून माळ्यावर ठेवायचा. विकताना परत बसवायचा. इंजिनला धक्का नाही.

माझ्याकडे आधी अबार्थ पुंटो होती, १.४ टर्बो, १४५ हॉर्सपॉवर. घेतल्या घेतल्या रीमॅप केला आणि जी मजा आली ती वर्षभर थांबून आली नसती. थांबणाऱ्यांचं काय होतं माहितीये? वर्षभरात घरी दुसरा खर्च निघतो आणि गाडी कव्हरखाली जाते.

---

तिसरा_गियर (पुणे)

पुंटो टर्बो होती, तिथेच हिशोब वेगळा झाला. टर्बोचा बूस्ट वाढवला की ताकद ढळढळीत वाढते. माझं इंजिन नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे बिनटर्बोचं, कंपनीकडूनच २५५ हॉर्सपॉवर. त्यातून रीमॅपने पाच-दहा निघाले तर निघाले, ते पाठीला जाणवणारही नाहीत. बिल तेवढं जाणवेल.

---

नवशिक्या_नाना

मी फक्त वाचतोय, पण एक शंका. बॉक्स्टर म्हणजे ते आयएमएस बेअरिंग ना, इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं? ते गेलं की इंजिनच गेलं म्हणतात. ते बदललंय का आधी?

---

स्टुटगार्टकर

नाना, ती भीती २००८पर्यंतच्या इंजिनांची. २००९ला इंजिन नव्याने आलं, त्यात तो मधला शाफ्टच नाही, मग त्याचं बेअरिंग कुठून असणार? तिसरा_गियर, तुमची २.९ त्या नव्यातली. उलट कोणी "आयएमएस अपग्रेड करून देतो" म्हणाला तर त्या गॅरेजातून किल्ली घेऊन निघा.

(जाता जाता: या पिढीच्या बऱ्याच बॉक्स्टर जर्मनीत नाही, फिनलंडमध्ये जोडल्यात. माझ्या इथल्या शेजाऱ्याला हे सांगितलं तर अजून बोलत नाही माझ्याशी.)

---

हिशेबनीस (नाशिक)

माळ्यावरच्या सायलेन्सरबद्दल थोडं कायद्याचं. आवडणार नाही, तरी वाचा.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीतल्या तपशिलांशी, म्हणजे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी, न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ आलं: बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. "दर बदलामागे" हे नीट वाचा. एक्झॉस्ट, स्प्रिंग, बंपर वेगवेगळे मोजले जातात.

आणि तुमची गाडी २०११ची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. आरटीओत गाडी उभी करावी लागणार, आणि ते सगळं तुमच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच येतंय. विम्याचं वेगळंच. न कळवलेला बदल सापडला की सर्व्हेअरच्या हातात आयतं कोलीत.

---

शून्य_ते_शंभर (ठाणे)

आलं, कायद्याचं पुस्तक आलं! हिशेबनीस, तुमच्या नाशकात काळ्या काचांच्या किती गाड्या फिरतात ते मोजा आणि मग बोला. पोलीस फटाके फोडणाऱ्या बुलेटवाल्यांच्या मागे असतात, तेच सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात. नीट बनवलेला एक्झॉस्ट शहरात शांत असतो, वर रेव्ह केला तरच गातो.

---

हिशेबनीस (नाशिक)

काळ्या काचाही बेकायदाच. दुसरा पकडला जात नाही हा तुमचा बचाव असेल तर माझं बोलणं संपलं.

एक सोपी कसोटी मात्र आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला की पीयूसीत मार खाणार. बीएस-४ पेट्रोलला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. कॅटशिवाय ते आकडे आणून दाखवा. आता "पीयूसी काय, मिळते" असं म्हणू नका, प्लीज.

---

कोल्हापुरी_पाना

भावांनो, मी गाड्याच दुरुस्त करतो, त्यामुळं दोन्हीकडनं बोलतो.

आधी तिसऱ्या गियरच्या बाजूनं. माझ्याकडं मॉडिफाय केलेली गाडी येती तेव्हा पार्ट क्वचितच खराब असतोय. खराब असती वायरिंग. कुणीतरी गेज बसवायला किंवा ॲम्पला मूळ वायर सोलून पीळ मारलेला असतोय आणि वर चिकटपट्टी. पावसाळ्यात तिथं हिरवं चढतं, मग गाडी कधी चालू तर कधी बंद. मालक म्हणतोय "जर्मन गाड्या अशाच". गाडीचा काय दोष हाय?

आता विरुद्ध बाजूनं. साहेब, तुमचं "वर्षभर हात लावायचा न्हाई" हे मला अजिबात पटलेलं न्हाई. गाडी पंधरा वर्षाची. शॉकॲब्सॉर्बर गेलेले असणार, कंट्रोल आर्मचे बुश चिरलेले असणार. ते बदलायचेच हायत. मग शॉक मूळचेच घालायचे का बिलस्टीन कंपनीसारखे जरा चांगले घालायचे? तुम्ही ह्याला मेंटेनन्स म्हणा नाहीतर मॉडिफिकेशन, काम एकदाच होतंय आणि मजुरीबी एकदाच लागती. वर्षभर थांबून काय मिळवणार, वाकडे झिजलेले नवीन टायर?

---

शून्य_ते_शंभर (ठाणे)

पाना, हात द्या इकडे! हेच सांगत होतो. आणि शॉक काढलेच आहेत तर स्प्रिंगही बदला, ३० एमएम खाली. एक्स्प्रेसवेवर गाडी रुळावर असल्यासारखी पळते.

---

कोल्हापुरी_पाना

हात परत घ्या. स्प्रिंगचं मी बोललेलो न्हाई.

---

तिसरा_गियर (पुणे)

एक्स्प्रेसवेवर मर्यादा १०० आहे आणि वर कॅमेरे. शंभरला माझी गाडी आहे त्या उंचीवरही झोपा काढते.

स्पीडब्रेकरचं बोला. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) कागदावर तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. इतका लांब उतार असेल तर बॉक्स्टरही तिरकी न करता जाईल. आमच्या सोसायटीच्या गेटवरचा वॉचमनने उरलेल्या सिमेंटात घातलाय, वीतभर रुंद. ३० एमएम खाली गेलो की पुढची प्लास्टिकची पट्टी पहिल्या आठवड्यात तिथेच राहील.

पण पाना, शॉकचा मुद्दा घेतला. मी कंपनीच्या उंचीतच राहून, निकामी झालेली वस्तू चांगल्या वस्तूने बदलण्याला मॉडिफिकेशन धरत नव्हतो. तरी लिहिताना "कशालाही" लिहिलंय, तेव्हा ते मागे.

---

स्टुटगार्टकर

इथला अनुभव सांगते, कारण भारतातली चर्चा नेहमी "करू द्या" आणि "करू नका" यांतच अडकते.

जर्मनीत माझ्याकडेही जुनी मॅन्युअल बॉक्स्टर आहे. दर दोन वर्षांनी तपासणी. स्प्रिंग बदलता येतात, एक्झॉस्टही, पण एक तर त्या पार्टसोबत मान्यतेचा कागद हवा, नाहीतर तपासणीसाला गाडी दाखवून बदल गाडीच्या कागदपत्रांत नोंदवून घ्यायचा. नोंद नसेल तर गाडीची रस्त्यावरची परवानगीच रद्द धरली जाऊ शकते. तपासणीस स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासतंय का बघतो, गाडी उचलून नंबर जुळवतो. कटकट आहे. पण त्यामुळे बाजारात फालतू पार्ट टिकत नाहीत, आणि जुनी गाडी घेणाऱ्याला कागदावरच कळतं की आधीच्याने काय केलंय.

शून्य_ते_शंभर, तुमची हौस मला मान्य आहे. तुमचा "माळ्यावर ठेवा" मान्य नाही, कारण पुढच्या मालकाला त्या माळ्याची खबर नसते. तिसरा_गियर यांच्या आधीच्या दोघांनी काय लावून काढलं, सांगू शकता?

---

शून्य_ते_शंभर (ठाणे)

ताई, तसा कागद इथे कोण देणार? द्या व्यवस्था, पहिला रांगेत मी असेन. कायदेशीर वाट नाही म्हणून माणूस गल्लीतून जातो. आणि ताकद वापरायची कुठे? ट्रॅकवर जा म्हणता तर चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई, कोइंबतूरजवळ करी, नाहीतर ग्रेटर नोएडाचं बुद्ध. ठाण्याहून ट्रॅक डेला जायचं म्हणजे गाडी ट्रकवर चढवून धाडायची. त्यामुळे माझ्यासारख्याच्या हातात उरतो आवाज. तेवढा तरी राहू द्या.

---

तिसरा_गियर (पुणे)

हे मात्र प्रामाणिक बोललात. आवाजाचा मोह मलाही आहे, छत उघडून बोगद्यात शिरलं की कळतं. तरी एक्झॉस्ट नाही. नोंदणी वाढवून होईपर्यंत तरी नाहीच, हिशेबनीस यांनी घाबरवलंय.

---

नवशिक्या_नाना

पेट्रोलचं काय? ई२० (वीस टक्के इथेनॉलवालं) चालतं का यात?

---

कोल्हापुरी_पाना

नाना, त्या काळच्या गाड्या ई१०च्या हिशोबानं बनल्यात. ई२० घातलं म्हणून उद्याच इंजिन बसत न्हाई, पण इथेनॉल पाणी ओढून घेतंय, आणि ह्या गाड्या महिना महिना उभ्या. ते वाईट. टाकी भरून दोन महिने कव्हर घालू नका, आठवड्यातनं एकदा तासभर फिरवा. इंजिन पुरतं तापलं पाहिजे, नुसतं पार्किंगमध्ये चालू करून उपयोग न्हाई.

आणि छताची नळी! मऊ छताच्या मागच्या कोपऱ्यात पाणी जायला भोकं असतात. पानांनी तुंबली की पाणी आत येतंय आणि सीटखालचं कंट्रोल युनिट भिजतंय. त्या युनिटच्या बिलात तुमचा एक्झॉस्ट दोनदा येईल. मृग लागायच्या आत साफ करा, हवेचा प्रेशर जपून, नळी आत निखळती.

---

शून्य_ते_शंभर (ठाणे)

बरं, एक्झॉस्ट हरलो. अलॉय? १८ इंचीला तरी परवानगी आहे का मालक?

---

हिशेबनीस (नाशिक)

कंपनीने त्याच मॉडेलला दिलेला साइज असेल तर माझ्या मते अडचण येऊ नये. या गाडीला १७ इंचीत पुढे २०५/५५, मागे २३५/५० येतात. १८ इंचीत २३५/४० आणि २६५/४०. ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) मात्र कंपनीचाच हवा, बाहेर आलेली चाकं लांबूनच दिसतात.

---

तिसरा_गियर (पुणे)

१७च ठेवतोय. आपल्या खड्ड्यांत टायरची उंची जितकी जास्त तितकं रिम वाचतं. चारही नवे मागवतोय, त्यासोबत शॉक आणि पुढचे बुश. पाना, बिलस्टीनचा कोणता नंबर सांगू?

---

कोल्हापुरी_पाना

आधी पुढचं बॉनेट उघडा. आतल्या बाजूला कागदाचं स्टिकर असतं, ऑप्शनचे तीन आकडी कोड छापलेलं. त्यात ४७५ असला तर गाडीला पीएएसएम हाय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शॉक. साधे घातले तर डॅशवर कायम दिवा पेटलेला राहणार आणि महाग पडलं म्हणून मला शिव्या घालाल. स्टिकर फाटलं असंल तर तेच कोड सर्व्हिस बुकात पहिल्या पानाजवळ चिकटवलेले असतात. फोटो टाका इथं, मग नंबर सांगतो.