बोअरनं भरलेलं शेततळं: दुष्काळावर उपाय की गावाच्या पाण्याची उचल? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

कोरडवाहू
एप्रिलमध्ये जालना, बीड किंवा सिन्नर-येवल्याकडून जा. विहिरींनी तळ गाठलेला असतो, वस्तीवर टँकर लागलेला असतो आणि रस्त्यालगतच एखादं प्लास्टिकचं अस्तर टाकलेलं शेततळं काठोकाठ भरलेलं दिसतं. पाऊस जाऊन सहा महिने झाले, मग हे पाणी आलं कुठून? बोअरमधून. पावसाळा सरता सरता मोटारी सुरू होतात, कारण आपण नाही उपसलं तर शेजारचा उपसणार, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

हवामान बदललंय हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. जून कोरडा जातो, मग महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो, पुन्हा तीन आठवडे उघडीप. अशा वेळी वाहून जाणारं पाणी अडवायचं आणि खंड पडला की सोयाबीन-तुरीला एखादं पाणी द्यायचं, यासाठी शेततळं. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, ५० हजारांपर्यंत अनुदान मिळू लागलं, ते याच हेतूनं. प्रत्यक्षात कितीतरी तळ्यांना चारी बाजूंनी उंच बांध आहे आणि शिवाराचं पाणी आत यायला वाटच ठेवलेली नाही.

साधा हिशोब करा. तळं ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. कडेचा उतार धरून साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. भर उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटीमीटर पाण्याची वाफ होते. म्हणजे भरलेल्या तळ्यातून रोज ९ हजार लिटर हवेत, जवळपास एक टँकर. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वीज जाळून वर काढायचं आणि उन्हात ठेवायचं! बोअरनं भरलेल्या तळ्याला सरकारी पैसा मिळता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.

द्राक्षबाग
२०१२-१३ला आमच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं लोकांनी स्वतःच्या हातानं तोडली आणि सरपण म्हणून विकली. आमचीही गेली. सोयाबीन गेलं तर एक हंगाम जातो, बाग गेली तर दहा-बारा वर्षं जातात आणि कर्ज तसंच राहतं. तळं झाल्यापासून मला रात्री झोप लागते.

शिवाय बोअर काही धो धो चालत नाही. पाणी तासभर येतं, मग मोटार गुळण्या टाकते. वीज आठ तास, तीही बऱ्याचदा रात्री. थेंब थेंब साठवून ठिबकनं देण्यासाठी तळं लागतंच. आमच्या जिल्ह्यातल्या कडवंची गावाला येऊन बघा. आधी पाणलोटाचं काम, म्हणजे शिवारात पाणी अडवणं-जिरवणं, मग शेततळी, मग द्राक्षं, आणि त्या दुष्काळातही गाव तगलं. बाष्पीभवनाचा हिशोब करायचाच असेल तर जायकवाडी धरणापासून करा दादा. तिथला पसारा केवढा आणि वाफ केवढी! शेतकऱ्याच्या तळ्यावरच बोट का?

काळा_पाषाण
कडवंचीत पाणलोट आधी झाला, हे तुम्हीच लिहिलंत. बाकीच्या गावांनी नेमकी तीच पायरी गाळली.

मराठवाड्याखाली बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ आहे. पाणी मावतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगा-सांध्यांत. साठा मुळात तोकडा. एकाच्या बोअरनं उपसा वाढवला की त्याच भेगेवरच्या चार विहिरी उतरतात. २००९च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. गावोगाव पाचशे-सातशे फूट बोअर सर्रास चालू आहेत. तेवढ्या खोलवरचं पाणी एका पावसाळ्यात भरून येत नाही.

द्राक्षबाग
वरच्या थरातलं पाणी तरी कुठं टिकतं? डिसेंबरपर्यंत झिरपून ओढ्याला लागतं आणि वाहून जातं. ते मी वापरलं तर बिघडलं काय?

ओढ्याकाठची
बिघडलं ते सांगते. ते पाणी म्हणजेच आमचा ओढा. आधी संक्रांतीपर्यंत वाहायचा, आता दिवाळीला नुसते गोटे दिसतात. काठावरचे उंबर आणि करंज शेंड्याकडून वाळत आलेत. डोहातले मासे आणि खेकडे गेले, त्यांच्यावर जगणारे बगळे-खंड्या गेले. शेळ्यांना पाणी पाजायला बायकांना लांब जावं लागतं. हवामान बदलतंय तर जमीन नसलेल्यांनी, रानातल्या जिवांनी कशाच्या आधारावर तगायचं?

आणखी एक. हरणं तहानेनं तळ्यात उतरतात. प्लास्टिक गुळगुळीत, त्यावर खूर ठरत नाही. मरेपर्यंत कडेकडेनं पोहत राहतात. माणसंही गेलीत अशी. निदान काठाला गाठी मारलेला दोर आणि भोवती तारेचं कुंपण तरी करा. त्याला काही लाखांचा खर्च नाही.

वऱ्हाडी
सगळीच तळी एका मापानं मोजू नका. आमच्या यवतमाळकडे अस्तर नसलेली तळी पावसाच्या पाण्यानं भरतात. ऑगस्टमध्ये खंड पडला की कपाशीला एक पाणी मिळतं, उरलेलं जमिनीत मुरतं. बोअरवाल्या तळ्यांवरच्या रागापायी योजनाच बंद पडली तर मरण कोरडवाहूवाल्याचं आहे.

कोरडवाहू
वऱ्हाडी, योजना बंद करा असं मी म्हणतच नाही. तुमच्याकडच्या तळ्यांना उलट जास्त पैसा द्या.

द्राक्षबाग, जायकवाडीचा मुद्दा खरा आहे आणि शहरं-कारखान्यांनाही हाच हिशोब लावायला हवा. पण म्हणून गावातलं पाणी ज्याची मोटार मोठी त्याचं, हे मी मान्य करणार नाही. नगरकडच्या हिवरे बाजार गावात दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसं-जनावरं, मग उरेल त्यावर पिकं. सिंचनासाठी बोअरला बंदी आणि ती गावानं पाळलेली. गाव ४०० मिलिमीटरच्या आसपासच्या पावसाचं आहे, हे विसरू नका.

द्राक्षबाग
हिवरे बाजारला सरपंच पोपटराव पवार होते. आमच्याकडे दोन गट आहेत आणि पाण्याचा विषय निघाला की सभा उठते. मी एकट्यानं मोटार बंद केली तर माझी बाग जाईल आणि पाणी शेजाऱ्याच्या तळ्यात जाईल. तुम्ही म्हणता तो ताळेबंद मला बांधील असेल तर सगळ्यांना बांधील हवा. ऊसवाल्यांना सुद्धा.

काळा_पाषाण
मग सुरुवात ऑक्टोबरपासून करा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. ऑक्टोबरचा आकडा ग्रामसभेत वाचायचा आणि तळी किती भरायची ते तिथंच ठरवायचं, मोटारी सुरू व्हायच्या आधी.

द्राक्षबाग
सभेला मी येईन आणि तळ्याला पावसाचं पाणी घ्यायला तोंडही पाडीन. पण उभ्या बागेला जगण्यापुरतं पाणी किती ठेवणार, हा आकडा आधी लिहून पाहिजे.

ओढ्याकाठची
त्याच कागदावर ओढ्याचा वाटाही लिहा.