ख्रिसमसचा आजीच्या पद्धतीचा फज: घोटायला सुरुवात नक्की कधी करायची?

चमचाभर:
आमच्याकडे ख्रिसमसला फज घरीच होतो आणि तोही आजीच्याच पद्धतीने, दुसरा कुठला कोणी तोंडात धरत नाही. यंदा घोटायला तिच्या हातात जोर नाही म्हणून काम माझ्या गळ्यात पडलंय. चिठ्ठी आहे तिची, पण त्यात साखर ३ कप, कोको २/३ कप, दूध दीड कप, लोणी पाव कप, व्हॅनिला १ चमचा, चिमूटभर मीठ आणि पुढे फक्त "गोळी झाली की उतरव, गार झालं की घोट". किती गार?? विचारलं तर म्हणते पातेल्याला खालून हात लाव, कळतं. मला नाही कळत ना! आम्हाला तो कडेला किंचित भुसभुशीत आणि मग जिभेवर विरघळणारा हवाय, चिवट टॉफी नकोय. थर्मामीटर आहे, आकडे सांगा कोणीतरी.

गोळीबंद:
ताई, आजींचं प्रमाण अगदी बरोबर आहे, त्याला हात लावू नका. जाड बुडाचं आणि मोठं पातेलं घ्या, दूध साखर फसफसून चांगलं वर येतं. साखर, कोको, मीठ आधी कोरडंच एकत्र करा म्हणजे कोकोच्या गुठळ्या होत नाहीत, मग दूध. उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं, उकळी आली की चमचा बाहेर. मग ११२ ते ११४ डिग्री सेल्सिअस. थंड पाण्यात थेंब टाकला तर मऊ गोळी होते आणि पाण्याबाहेर काढली की बोटांत चपटी होते, ती हीच वेळ. उतरवा, लोणी आणि व्हॅनिला वरून टाका आणि ढवळू नका. परत सांगते, ढवळू नका. ४३ डिग्रीला येईपर्यंत पातेलं हलवायचंसुद्धा नाही, तासभर तरी जातो, कधी जास्तही.
कारण असं की गरम असताना हलवलं की साखरेचे थोडेच पण मोठे दाणे धरतात आणि फज रवाळ होतो. कोमट झाल्यावर घोटलं की एकदम असंख्य बारीक दाणे होतात, जिभेला लागतच नाहीत. तुम्हाला हवा तो भुसभुशीतपणा त्यातूनच येतो.

आळशी_आचारी:
एवढी उस्तवार कशाला पण, कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणि चॉकलेट मंद आचेवर वितळवा, ट्रेमध्ये ओता, फ्रिजमध्ये ठेवा, झालं. बिघडायला काही जागाच नाही त्यात

गोळीबंद:
चांगला लागतो तोही, पण त्यात साखरेचे दाणे बनतच नाहीत त्यामुळे गुळगुळीत, दाट लागतो. ताईंना हवाय तो हा नव्हे.

पाकशास्त्री:
दोन गोष्टी माझ्याकडून. पातेल्याच्या कडेला साखर चिकटून राहते, तिचा एक कण जरी पाकात पडला तरी त्याच्याभोवती दाणे धरायला लागतात, म्हणून उकळी आल्यावर २-३ मिनिटं झाकण ठेवा, वाफेने कडा आपोआप धुतल्या जातात (उतू जातंय का बघत राहा, मग झाकण काढा). तरीही धास्ती वाटत असेल तर २ मोठे चमचे ग्लुकोज सिरप घाला, दाणे मोठे होत नाहीत, अर्थात आजी बघत नसतील तेव्हा 😄 दुसरं, थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. समजा ९८ दाखवला तर तुमचा आकडाही २ ने कमी धरा, मग तो थर्मामीटरचा दोष असो की तुम्ही उंचावर राहत असा. आणि रवाळ झालाच तर टाकू नका! थोडं पाणी घालून परत वितळवा, साखर पूर्ण विरघळली की पुन्हा त्याच तापमानाला आणा.

चमचाभर:
वा, आता कुठे डोक्यात प्रकाश पडला, म्हणजे आजी पातेल्याला हात लावून हे ४३ च बघत होती. शेवटचं एक, घोटायला मिक्सर चालेल का? आणि थांबायचं कधी?

गोळीबंद:
स्टँड मिक्सर कमी स्पीडवर चालेल, हँड ब्लेंडरची मोटर शेवटी रडते. मी लाकडी चमच्यानेच करते कारण शेवटचं अर्धं मिनिट हातालाच समजतं, चमचा जड होतो, वरची तकाकी जाऊन रंग जरा फिका पडतो. तकाकी जायला लागली की लगेच ट्रेमध्ये ओता, तेव्हा फोन वाजला तरी घेऊ नका, पातेल्यातच दगड होईल. ट्रेला लोणी मात्र घोटायच्या आधीच लावून ठेवा. अक्रोड घालायचे तर ओतायच्या क्षणी. वड्या कापून बटर पेपरमध्ये हवाबंद डब्यात ठेवा, फ्रिज नको. आदल्या दिवशी केला तर जास्त चांगला, रात्रभरात मऊ होतो.

आळशी_आचारी:
रात्रभर उरला तर ना