किल्लारीनंतरची घरं

आपत्तीनंतर मदत वस्तूंची करावी की थेट पैशांची, हा वाद नेहमीचाच; नको असलेल्या वस्तू वाया जातात, असा त्यात एक आक्षेप असतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग कसे पडून राहिले, ते आठवलं तर हा आक्षेप पटतोच. मला भर घालायचीय ती घरांबद्दल.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर-उस्मानाबादमधल्या किल्लारी-सास्तूर पट्ट्यात माणसं दगावली ती बहुतेक घरांखालीच. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. नंतर पन्नासाहून जास्त गावं नव्या जागी हलवली. घरं २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची, किती मिळणार ते जमिनीवरून ठरलं. म्हणजे भूमिहीनाला सगळ्यात लहान. भूकंपानंतरही सातबारा बघूनच छप्पर! आखणी शहरी कॉलनीसारखी सरळ रांगांची. बैल कुठे बांधायचे, कडब्याची गंज कुठे रचायची, हे नकाशात नव्हतंच. देणगीदारांना मात्र अशी वसाहत सोयीची, पाटी लावता येते.

याउलट जी गावं जागेवरच राहिली तिथे दुरुस्ती-मजबुतीकरणाचं अनुदान हप्त्यांनी थेट घरमालकाला मिळालं. अशी सुमारे २ लाख घरं. गावातल्याच बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या होत्या. कुणाचा हप्ता अडलाय, भिंतीच्या दोन्ही बाजू जोडणारे आरपार दगड बसवलेत का, हे त्या घरोघरी बघायच्या. २००१ मध्ये कच्छ हादरलं तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या अशा काही बायका तिथे जाऊन तिथल्या बायकांना हे सगळं सांगून आल्या. गुजरातेतही मालकानेच आपलं घर बांधायचं, हा मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरला गेला.