मदत हवी आहे: मॅजिस्कमध्ये ‘शेल’ची रूट परवानगी कशी आवरायची?

अँड्रॉइड फोन रूट केलेला आहे, म्हणजे सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवलेला आहे; हा ताबा (रूट) कुणाला द्यायचा ते मॅजिस्क हे अ‍ॅप सांभाळतं. मॅजिस्कमध्ये ऑटोमॅटिक रिस्पॉन्स ‘प्रॉम्प्ट’वर (आधी मला विचारा), टाइमआउट 10 सेकंद, परवानगीआधी बोटाचा ठसा मागणारं सेटिंगही चालू. अडचण आहे ती सुपरयूझरच्या (रूट मागणाऱ्यांच्या) यादीतल्या ‘शेल’ या नोंदीची, म्हणजे फोनच्या कमांड-लाइनची. एडीबीवरून (संगणकावरून फोनला कमांड देण्याचं साधन) एकदा कायमची परवानगी दिली की यूएसबी डीबगिंगसाठी मंजूर केलेला कुठलाही संगणक न विचारता रूट मिळवतो. ठसा पहिल्यांदाच काय तो मागितला जातो.

सुपरयूझर अ‍ॅक्सेस ‘फक्त अ‍ॅप्स’ केला, तर एडीबीमार्गे चालवलेल्या शिझुकूलाही (इतर अ‍ॅप्सना एडीबीचे अधिकार वापरू देणारं अ‍ॅप) रूट नाकारलं जाईल का? की दर वेळी 10 मिनिटांपुरतीच परवानगी द्यावी? बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) परत लॉक करायला मात्र सुचवू नका. मॅजिस्कसाठी पॅच केलेल्या (बदललेल्या) बूट इमेजवर, म्हणजे फोन सुरू होताना लागणाऱ्या फाइलवर, तसं केलं की बहुतेक फोन चालूच होत नाहीत.