गॅस गीझर बसवायचाय (ठाणे प.), परवानगी नक्की कोणाकोणाची?

घोडबंदरी:
नमस्कार मंडळी. वाघबीळजवळ राहतो, 14 मजली इमारतीत सातवा मजला. पाइप गॅस आहे, महानगर गॅस कंपनीचा. घरात सहा माणसं आणि सगळ्यांना सकाळी साडेसहा ते साडेसातच्या मध्येच आंघोळ हवी. 15 लिटरचा इलेक्ट्रिक गीझर तिसऱ्या माणसाला कोमट पाणी देतो आणि चौथ्याला नुसता दिलासा. म्हणून ड्राय बाल्कनीत (स्वयंपाकघरामागच्या धुण्याभांड्याच्या जागेत) गॅस गीझर बसवायचं घाटतंय.

सेक्रेटरी म्हणतात, आधी महापालिकेची आणि फायर ब्रिगेडची एनओसी आणा. दुकानदार म्हणतो, कसली परवानगी, उद्या माणूस पाठवतो, शेगडीच्या लाइनला टी मारून फाटा काढून देईल. खरं कोण?

नेरूळची:
दोघंही नाहीत. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या (1966) कलम 43 मध्येच म्हटलंय की फक्त इमारतीच्या आतल्या भागापुरत्या किंवा बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या दुरुस्ती-सुधारणांना विकास परवानगी लागत नाही. एक गीझर त्यातच बसतो. फायर ब्रिगेडचं म्हणाल तर 2006 चा अग्निप्रतिबंधक कायदा इमारतीच्या आग विझवायच्या यंत्रणेकडे बघतो. त्याचा फॉर्म बी, म्हणजे ती यंत्रणा चालू असल्याचा दाखला, सोसायटी दर जानेवारीत आणि जुलैत भरते. सेक्रेटरींना त्याचीच आठवण झाली असावी.

तुम्हाला कागद दोनच लागतील: गॅस कंपनीकडे वाढीव पॉइंटचा अर्ज आणि सोसायटीचं लेखी पत्र. पत्र सोडू नका. आम्ही तोंडी 'हो' वर काम केलं, कमिटी बदलली आणि नव्या अध्यक्षांनी धुराच्या पाइपसाठी भिंतीत पाडलेलं भोक बुजवायची नोटीस काढली. दोन महिने गीझर नुसता टांगलेला.

जुना_फिटर:
तीस वर्षं हेच काम केलं. टी मारणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मीटरनंतरचा पाइप तुमच्या घरात असला तरी त्याला हात लावायचा तो गॅस कंपनीच्या अधिकृत माणसानेच. तो नवा पॉइंट काढतो, वेगळा व्हॉल्व्ह बसवतो आणि प्रेशर लावून गळती तपासतो. बाहेरच्या माणसाचं गळती तपासणं म्हणजे साबणाचा फेस, तोही लावला तर.

दुसरं, गीझरच्या पाटीवर पीएनजी (पाइपचा गॅस) लिहिलंय का बघा. सिलिंडरचा गॅस साधारण 30 मिलिबारने येतो, पाइपचा 21 ने, आणि बर्नरला गॅस सोडणाऱ्या जेटची भोकं दोन्हींची वेगळी. एलपीजीचा (सिलिंडरचा) गीझर पाइपला जोडला तर ज्योत मरगळते आणि मग लोक 'पाणी तापत नाही' म्हणून कंपनीला फोन करतात. उलट केलं तर पिवळी, काजळी सोडणारी ज्योत. ज्योत निळी हवी.

वाशीकर_मी:
गीझर बाथरूममध्ये नको, एवढंच सांगायला आले. आमचा आत होता. कबुतरांच्या त्रासाने लूव्हर्सवर (खिडकीच्या हवा येणाऱ्या तिरप्या पट्ट्यांवर) थर्माकोल लावलेला, थंडीचे दिवस, दार घट्ट. दुसरी बादली भरेपर्यंत डोकं जड झालं, मग पाय उचलेनात. आवाज ऐकून नवऱ्याने कडी तोडली. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी सांगितलं, कार्बन मोनॉक्साइड. वास अजिबात आला नव्हता. गॅस गळला की जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, पण जळल्यावर तयार होणाऱ्या या वायूला वासच नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसतो.

घोडबंदरी:
बापरे ताई, बरं झालं लिहिलंत. आमची ड्राय बाल्कनीही स्लायडिंगने बंद केलेली आहे. मेट्रोच्या कामाची धूळ येते म्हणून खिडकी कायम लावलेली. म्हणजे ती बाल्कनी नसून खोलीच झाली की.

जुना_फिटर:
खोलीच. स्लायडिंगचा वरचा एक पट्टा काढून तिथे न मिटणाऱ्या लूव्हर्स लावा. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो, म्हणून वाट छताजवळ हवी. शिवाय धुराचा पाइप थेट बाहेर काढा.

सेक्रेटरी_नाइलाजाने:
आमच्या जमातीची बाजू मांडतो. 'एनओसी आणा' हे आम्ही बऱ्याचदा घाबरून म्हणतो, कारण काही झालं तर सही आमची. मला एक साधा अर्ज आणि हाताने काढलेला नकाशा पुरतो: गीझर कुठे, भोक कुठे, धूर कुठल्या बाजूला.

एकच गोष्ट मी अडवतो. धुराचा पाइप बाथरूमच्या डक्टमध्ये, म्हणजे बाथरूममागच्या वरपर्यंत जाणाऱ्या उभ्या पोकळीत, सोडायचा नाही. वरच्या सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या त्याच डक्टमध्ये उघडतात. तुमचा धूर आठव्या मजल्यावरच्या बाईच्या आंघोळीला. आणि भोक कोअर कटिंगने (मशीनने गोल कापून), बीम-कॉलम सोडून. हातोडा-छिन्नीने पाडलं की पुढच्या पावसात गळतीची तक्रार माझ्याच कडे.

पाचपाखाडी_टॉप_फ्लोअर:
वरच्या मजल्यावरच्यांनी आधी पाण्याचं प्रेशर बघा. टाकी आमच्या डोक्यावरच, धार बारीक, गीझर पेटायचाच नाही. शेवटी छोटा पंप लावला. सातव्याला अडचण येऊ नये.

घोडबंदरी:
धागा वर काढतोय. सोसायटीला अर्ज दिला, सोबत पोरीने वहीत काढलेला नकाशा, डक्टऐवजी मागच्या मोकळ्या बाजूचा बाण लाल पेनने. कमिटीने पत्र दिलं, त्यात 'डक्टमध्ये धूर सोडणार नाही' ही ओळ माझ्याकडून वेगळी लिहून घेतली. गॅस कंपनीचा माणूस आला, बाल्कनी बघितली आणि आधी लूव्हर्स, मग पॉइंट, असं सांगून परत गेला. लूव्हर्स लागल्यावर पाइप टाकून, तपासून गेला. काल गीझर पेटवला, ज्योत निळी.

एक शंका उरली. धुराच्या पाइपच्या तोंडावर कबुतरं बसायला लागलीत. जाळी लावू का?

जुना_फिटर:
बारीक जाळी नको, काजळी-धूळ बसून तीच बुच होते. कबूतर शिरणार नाही एवढीच मोठ्या भोकाची लावा, आणि दर महिन्याला टॉर्च मारून बघा. घरट्याच्या काड्या पाइपात दिसल्या तर गीझर बंद, आधी साफसफाई.

वाशीकर_मी:
आणि पोरीला सांगा, लूव्हर्सवर काहीही चिकटवायचं नाही. थर्माकोल तर मुळीच नाही.