‘ओएई पास’ म्हणजे बाळाला ऐकू येतं, असं सांगणं थांबवा

चाफेकळी
माझा मुलगा ३२व्या आठवड्यात झाला. अकरा दिवस काचेच्या पेटीत होता, कावीळ इतकी चढली की रक्त बदलावं लागलं. घरी सोडताना ओएई ही कानाची तपासणी केली आणि दोन्ही कानांपुढे ‘पास’ लिहिलं. दीड वर्षाचा झाला तरी हाकेला वळेना. सासूबाई काळजी करायच्या आणि मी त्यांना तो कागद दाखवायचे. शेवटी बेरा केली, म्हणजे आवाज नसेवरून मेंदूकडे पोचतो का ते पाहणारी तपासणी, तर आलेखावर एकही लहर नाही. ऑडिटरी न्यूरोपथी. कान आवाज पकडतो, पण नसेवरून तो मेंदूपर्यंत नीट पोचत नाही.
सगळ्याच बाळांची बेरा करा, ओएई बंद करा.

कर्णिका
ताई, तुमच्या बाळाची बेरा तेव्हाच व्हायला हवी होती. पण मी ऑडिओलॉजिस्ट आहे, ओएई बंद करा हे मला पटत नाही. १९७८मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी दाखवलं की निरोगी कान आवाज घेतो तसा अगदी क्षीण आवाज बाहेरही सोडतो. आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात बाहेरच्या ओळींतल्या केसपेशी हलतात, त्याचा तो आवाज. ओएईत झोपलेल्या बाळाच्या कानात बोंडी घातली की तो काही मिनिटांत मोजून होतो. जन्मजात बहिरेपणात बहुतेकदा याच पेशी बिघडलेल्या असतात. तालुक्याच्या दवाखान्यात बेराचं यंत्र आणि ते वाचणारं माणूस कुठून आणायचं? ओएई गेली तर तिथे काहीच उरणार नाही.

चाफेकळी
त्या ‘बहुतेकदा’त माझं मूल नव्हतं.

पाणंद
उलटंही होतं. माझ्या भाचीची ओएई जन्माच्या दुसऱ्या दिवशी ‘रेफर’, म्हणजे पुन्हा तपासा, अशी आली. बहीण रात्रभर रडली. कानात जन्मावेळचा चिकटा होता, दोन आठवड्यांनी दोन्ही कान पास. इतक्या लवकर तपासायचंच कशाला?

कर्णिका
कारण घरी गेलेली बाळं परत येत नाहीत. दुसरी तपासणी लागू शकते, हे मात्र आधी सांगायलाच हवं.
चाफेकळी, अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संयुक्त समितीने २००७मध्येच म्हटलंय की पाच दिवसांहून जास्त एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहिलेल्या बाळाला बेराच्या पद्धतीनेच तपासावं. तिथे मी तुमच्या बाजूने आहे. पण नुसत्या बेराने बिघाड आहे एवढंच कळलं असतं, कुठे आहे ते नाही. लहर नाही आणि ओएई मात्र येते, म्हणूनच दोष नसेच्या बाजूला आहे हे ठरलं. ओएईही नसती तर शंखातल्या पेशींवर किंवा मधल्या कानातल्या पाण्यावर संशय गेला असता. उपचाराची वाट तिथेच बदलते.

चाफेकळी
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ‘बंद करा’ मागे घेते. पण ‘पास’ हा शब्द काढा. ‘केसपेशी काम करतात, नस तपासलेली नाही’ असं मराठीत लिहा.

कर्णिका
एवढं वाचून आया घाबरतील.

चाफेकळी
मी घाबरले असते, तर माझं मूल वर्षभर आधी बेराला पोचलं असतं.